भाऱ्यासकट चालता येईल इतक्या उंच

गुरुवारी दुपारी नागपुरातल्या सदरच्या ऑफिसात डबा उघडला आणि पुष्पाचा फोन आला.

"संगे, शनिवारी येतं का? प्लेटा येऊन राहिल्या."

"कोणत्या प्लेटा?"

"सोलरच्या वं! वावरात लावाच्या हायेत. वर प्लेटा, खाली भाजी. तू ये अन् फोटो काढ. तुह्या ब्लॉगवर टाक."

पुष्पा माझी खापरखेड्याची मैत्रीण. दोघींचे वडील औष्णिक वीज केंद्रात कामाला, दोघींची क्वार्टरं एकाच लाइनीत. दोरीवरचे कपडे घरात आणताना आधी राख झटकायची असते, असं आम्ही दोघी बरीच वर्षं समजत होतो. मी पुढे नागपुरात स्थिरावले. पुष्पा लग्न होऊन कुही-मांढळच्या पलीकडे गेली, आणि काही वर्षांत तिचं सासर बेट झालं. म्हणजे झालं असं की धरण भरत गेलं, गाव उठलं, बहुतेक लोक नव्या वसाहतीत गेले. ज्यांची थोडी जमीन टेकाडावर होती ती मोजकी घरं मात्र हलली नाहीत. टेकाडाच्या चारही बाजूंनी पाणी आलं. विजेचे खांब बुडाले आणि तारा काही परत आल्या नाहीत.

"बापानं जन्मभर लाइट बनवली," पुष्पा एकदा हसत हसत म्हणाली होती, "अन् माह्या घरी बल्ब नाही."

त्यामुळे प्लेटा येताहेत म्हटल्यावर मी डबा तसाच ठेवून साहेबांकडे गेले आणि शनिवारची सुट्टी टाकली.

बेटाचं नाव मी इथे लिहीत नाहीये. पुष्पाची तशी अटच आहे. "रीलवाले येतीन अन् माह्या वांग्यातून नाचतीन," असं तिचं म्हणणं. पण कुणाला खरोखर शेती पाहायला जायचं असेल तर मांढळच्या पुढे नदीकाठच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. खरंच गरज असलेल्या माणसाला लोक वाट सांगतात.

शनिवारी सकाळी बसस्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले आणि मांढळची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास जवळपास पोह्यांच्या भावात होतो. मार्च संपत आलेला. कुहीपर्यंत खिडकीतून येणारा वारा बरा वाटतो, पुढे तोच वारा तोंडावर भाजायला लागतो. दुपट्टा आणि पाण्याची बाटली विसरू नका. मांढळहून काठापर्यंत शेअर ऑटो मिळतो, पण तो भरल्याशिवाय हलत नाही. आमचा भरेपर्यंत माझी बाटली अर्धी झाली होती.

काठावर पोचले तर सहलीचं वातावरण कुठेच नव्हतं. लग्नघरासारखी घाई होती. पुठ्ठ्यात बांधलेल्या प्लेटा झाडाखाली ओळीने टेकवलेल्या, शेजारी लोखंडी पायांचा ढीग, वेल्डिंगचं मशीन, एक जनरेटर. माल आणणारी गाडी काठावरच सगळं उतरवून निघून गेली होती. पुष्पाचा नवरा देवानंद भाऊजी दोन डोंगे शेजारी लावून त्यांवर बांबू आडवे बांधत होते. आमच्याकडे लाकडी होडीला डोंगा म्हणतात. एकट्या डोंग्यात प्लेट मावत नव्हती, म्हणून ही जोडी.

"ताई, तुम्ही मधात बसा," भाऊजी म्हणाले. "अन् या प्लेटीले धरून ठेवा. हवा सुटाच्या आत दोन-तीन फेऱ्या माराच्या हायेत."

पोचून पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी कामाला लागले होते. समोर फिटर सलीमभाई बसले होते. कन्हानचे. पन्नाशीचे, गळ्यात चौकड्यांचा रुमाल. पाण्याकडे बघायचं ते कटाक्षाने टाळत होते.

"तैरना आते का ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मले बी नाही," ते म्हणाले आणि प्लेट आणखी घट्ट धरली.

सकाळचं पाणी आरशासारखं होतं. बुडालेल्या झाडांची वाळकी टोकं वर आलेली, प्रत्येकावर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला. जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट मागून घ्यावं. काठावर ठेवलेली असतात, पण आपणहून कुणी देत नाही.

बेटावर उतरलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो हिरवेपणा. वांगी, मिरच्या, पालक, आणि सांबाराचा वास. बाकी महाराष्ट्रासाठी सांगते, सांबार म्हणजे कोथिंबीर. पण हा हिरवेपणा डिझेल इंजिनाच्या जिवावर होता. कॅन घेऊन काठावर जा, तिथून ऑटोने मांढळ, परत डोंगा. एप्रिल लागला की तेवढ्यानेही भागत नाही. ऊन इतकं चढतं की सांबार उगवतो आणि पिवळा पडून झोपतो. नागपूरच्या बाजारात नेमका तेव्हाच त्याला भाव असतो.

म्हणून बेटावरच्या घरांनी गट केला आणि एका योजनेतून सौर पंप मागितला. प्लेटा ठेवायच्या कुठे हा प्रश्न पुष्पानेच सोडवला होता. पावसाळ्यात पाणी चढलं की बेट आक्रसतं. प्लेटांसाठी वेगळी जमीन सोडली तर पिकवायला काय उरणार? त्यापेक्षा प्लेटा वावराच्या वरच उभ्या करायच्या, मधेमधे जागा सोडून, म्हणजे खाली ऊनही येईल आणि सावलीही मिळेल. सिमेंटचे पाये गटाने महिनाभर आधीच भरून ठेवले होते.

जेवणात झिंग्यांची चटणी, भात आणि वांग्याची भाजी होती. त्यावर मी झाडाखाली जरा लवंडले. उठले तोवर पहिल्या ओळीचे लोखंडी पाय सिमेंटच्या पायांवर बसले होते आणि वर आडव्या पट्ट्या लागल्या होत्या. प्लेटा चढवायच्या तेवढ्या बाकी होत्या. बेटावरची सगळी माणसं जमली होती. कुणीतरी नारळसुद्धा आणून ठेवला होता.

पुष्पा लांब उभी राहून त्या सांगाड्याकडे बघत होती. मग बांधावर गेली. तिथे तुराट्यांचा ढीग होता. तिने भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि सरळ सांगाड्याखाली चालत आली.

भारा पट्टीवर आदळला. ती दोन पावलं मागे ढकलली गेली आणि तुराट्या खाली पसरल्या.

"सलीमभाऊ," ती म्हणाली, "हे खाली हाय. हे असं नाही चालत."

सलीमभाई शिडीवरून उतरले. "ताई, स्टँडर्ड माल हाय. जैसा आया, वैसा लागन."

"मी पहिलेच सांगतलं होतं. बाई भारा घेऊन निंघाली पाहिजे. मीटिंगमधे सांगतलं. फोनवर सांगतलं."

"मले कोणीच नाही सांगतलं. मी फक्त फिटिंगवाला. अन् उंच केलं तं हवा धरते ना! इथं चारी बाजूनं पाणी, अडवाले काही नाही. छप्पर उडते तसं उडून जाईन."

शेजारच्या वच्छलाबाई पुढे आल्या. "पुष्पे, लावू दे वं. किती दिस डिझेल वाहाचं? थोडंसं वाकून जाऊ."

"थोडंसं?" पुष्पाने विचारलं. "भारा घेऊन वाकून दाखवा मले."

कुणी हसलं, कुणी चिडलं. मग पुष्पाचे सासरे नामदेव मामाजी बोलले. बेटावर त्यांचा शब्द चालतो. "लावू दे वं पोरी. आलेली वस्तू वापस नको पाठवू. पुन्हा येते का नाही कोणाले माहीत."

सगळ्यांना वाटलं विषय संपला. मलाही वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणंच पटत होतं. इतक्या वर्षांनी काहीतरी आलंय, ते घ्यावं.

"मामाजी," पुष्पाने पदर कमरेला खोचला, "तुमचा शब्द मी आजवर मोडला नाही. पण ह्या प्लेटा अशा नाही लागणार."

ती तिथेच एका सिमेंटच्या पायावर बसली. सलीमभाईंनी पाना पेटीत टाकला. दुपारनंतर हवा सुटली, पाण्यावर लाटा आल्या, आणि त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही.

संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी विचारलं, "एवढं काहून ताणून धरलं वं? सारे नाराज झाले."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तुले माहीत हाय का, या प्लेटा पंचवीस वर्ष टिकतात म्हणे. तेवढे दिवस जे गुडघ्यात वाकून चालन थे बाईच असन. माणसं काही भारे नाही वाहात आमच्या इकडे. पहिले वर्षी वाकू. दुसऱ्या वर्षी कंबर धरन. मंग एक-एक जण म्हणन, खाली भाजी नाही जमत, सोडून द्या. जमीन प्लेटांले जाईन. अन् आम्ही कुठं जाऊ? तुह्या नागपूरले, एखाद्या बिल्डिंगीत वॉचमनची खोली पाहाले."

भाकरी फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली.

"मी या टेकाडावरून हलणार नाही, संगे. म्हणून अडून बसली."

रविवारी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आले तर मामाजी अंगणात फावडं घेऊन बसलेले. रात्रभर झोपले नसावेत असं दिसत होतं.

"पुष्पाले उठव," ते म्हणाले. "माह्या वावरात पाइप हायेत. पाय उंच होतीन."

त्यांचं जुनं वावर बेटाच्या उताराला, पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तेव्हा त्याचा काही भाग चिखल होऊन उघडा पडतो. तरुणपणी त्यांनी विहिरीपासून वावराच्या टोकापर्यंत जाड लोखंडी पाइपलाइन घातली होती. पाणी आलं त्या वर्षी मोटर काढून घेतली, पाइप राहिले. तेव्हापासून ते तिकडे फिरकले नव्हते. देवानंद भाऊजींनी नंतर मला सांगितलं की मासे धरायला डोंगा त्या बाजूने न्यायचा म्हटलं तरी ते चिडायचे.

आम्ही सगळे खाली उतरलो. चिखल वरून वाळून तडकलेला आणि आत लोण्यासारखा. पाय टाकला की पोटरीपर्यंत. मामाजींनी एक जागा दाखवली, तिथे खणलं, काही नाही. दुसरी दाखवली, तिथेही नाही. ते जरा गोंधळले. इकडे तिकडे पाहिलं. खुणेची झाडं नव्हती, बांध नव्हता, विहिरीचा काठ गाळात गेलेला.

"इथं आंबा होता," ते स्वतःशीच म्हणाले. "का तिकडं होता?"

पुष्पा त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली. "बसा मामाजी. आम्ही पाहतो."

"बसत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा फावडं उचललं.

शेवटी वच्छलाबाईंची सब्बल, म्हणजे पहार, खणकन वाजली. कालपर्यंत "वाकून जाऊ" म्हणणाऱ्या वच्छलाबाई! त्या ओरडल्या, "सापडला वं, सापडला!" आणि सगळे तिकडे धावलो, म्हणजे चिखलात जितकं धावता येतं तितकं. मामाजींनी गुडघ्यावर बसून हाताने गाळ बाजूला केला. पाइप दिसल्यावर त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "घ्या काढून. पाण्यात काय कामाचा?"

सलीमभाई काठावर उभे राहून हे सगळं बघत होते. पहिला पाइप वर आला तसा त्यांनी रुमाल कमरेला बांधला आणि हातोडी घेऊन बसले. गंज झाडून, ठोकून, एकेक पाइप तपासायचा. "हा नाही. हा अर्धा चालन. हा मस्त." कामाची सूत्रं कधी त्यांच्या हातात गेली कळलंही नाही.

"पुष्पाताई," त्यांनी हाक मारली, "तुमची भी चालन, माझी भी. पाय वाढवून देतो. पण चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारीन, अन् एका ओळीत प्लेटा कमी. हवेचा जिम्मा मीच घेतो. पण तीन ओळींचं लोखंड यात नाही. दोनच होतीन."

पुष्पाने चिखलाने भरलेल्या हातानेच कपाळावरचे केस मागे सारले. "मंग तिसरी राहू द्या खाली. तिथं सांबार अन् पालक लावतो. थे तं बसूनच खुडा लागते."

इतकंच. कालपासून हट्टी म्हणून जिचं नाव घेतलं जात होतं तिने एक ओळ अशी सहज सोडून दिली.

सलीमभाईंना रविवारी संध्याकाळी परत जायचं होतं, सोमवारी दुसरीकडे काम होतं. बेटावर फक्त एका चिंचेखाली नेटवर्क येतं. तिथे उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. "नहीं आ रहा मैं. अरे, यहाँ काम अटका हुआ है." त्यांच्यामागे नंबर लावून मी साहेबांना सोमवारच्या सुट्टीचं सांगितलं. दुपारभर जनरेटर धडधडत होता आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे बघू नका म्हणून सलीमभाई सगळ्यांवर ओरडत होते.

सोमवारी दुपारच्या आत तिन्ही ओळी उभ्या झाल्या. दोन उंच, एक ठेंगणी. देखणं म्हणावं असं काही नव्हतं. नवे पाय चकचकीत आणि त्यांचे वाढवलेले तुकडे तांबूस. सलीमभाईंनी प्रत्येक पायाला लोंबकळून पाहिलं. मग शिडी बाजूला केली.

पुष्पाने भारा बांधला. सगळ्यांना वाटलं आता ती जाणार. तिने तो वच्छलाबाईंच्या डोक्यावर ठेवला.

"तुम्ही जा पहिले."

वच्छलाबाई आधी जरा सावध चालल्या, मान आपोआप खाली जात होती. मधोमध पोचल्यावर त्यांनी मान सरळ केली. भाऱ्याच्या वर हातभर जागा शिल्लक होती. पलीकडे निघाल्या, वळल्या आणि काही कारण नसताना पुन्हा त्याच वाटेने परत आल्या. आता मात्र चाल अशी होती की जणू वरातीत निघाल्यात.

"चाल वं पुष्पे," त्या म्हणाल्या, "पंप चालू कर."

पाइप आधी खोकला, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे दोन क्षण कुणाला कळेना की आनंद कशावर करायचा. मामाजी चपला काढून सरीत उतरले आणि पाणी पायांवरून जाऊ देत उभे राहिले. पुष्पा त्यांच्या पाठीमागे उभी होती. ते मागे न बघता म्हणाले, "बरं केलं नाही ऐकलं माहं."

नारळ तेव्हा फुटला.

परतीची एसटी मांढळहून चारनंतर मिळते. खिडकीची जागा हवी असेल तर थोडं आधी पोचा. मी अख्खा रस्ता झोपले. घरी आले तेव्हा नखांत गाळ, खांदे दुखणारे, आणि पिशवीत वांगी आणि सांबाराची मोठी जुडी. नवऱ्याने, प्रकाशने, विचारलं, "फोटो दाखव." मोबाइल उघडला तर डोंग्यातले दोन-चार आणि नंतर थेट वच्छलाबाईंच्या पाठीचा एक, तोही हललेला. मधल्या वेळात माझे हात रिकामेच नव्हते. त्यामुळे या पोस्टला चित्रं नाहीत, माफ करा.

काय लक्षात राहिलं म्हणून विचार करते तेव्हा मला शनिवारची दुपार आठवते. तिथे कुणीही वाईट नव्हतं. सगळे प्रेमाने सांगत होते, मिळतंय ते घे. त्या सगळ्यांच्या मधे बसून "नाही" म्हणणं किती अवघड असतं ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आणि तिचं "नाही" शेवटी सगळ्यांच्या कामी आलं.

हे लिहायला मे उजाडला. काल पुष्पाशी बोलणं झालं. ठेंगण्या ओळीखालचा सांबार पिवळा पडलेला नाही. आठवड्यातून दोनदा बाजारात जातोय. उंच ओळींखाली पाऊस लागण्याआधी हळद लावायचं ठरलंय. मधे एक जोराचं वादळ झालं, त्यात एका घराचे टिन उडाले, प्लेटा जागच्या हलल्या नाहीत. माकडं मात्र त्यांच्यावर बसून उन्हं खातात, त्याला अजून उपाय सापडलेला नाही.

"अन् सलीमभाऊचा फोन आला होता," ती म्हणाली. "कुठंसा दुसऱ्या गावात काम लागलं म्हणे. मले विचारे, ताई, भाऱ्याची उंची किती धरू?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, मले काय विचारता? तिथल्या बायांले विचारा. तं म्हणते, विचारलं. सगळ्याजणी म्हणतात, जसं येईन तसं लावा. मंग मी म्हटलं, फोन द्या त्यातल्या एकीजवळ."